वीस घोडे जास्त

उद्यमबागेत पहिली पाळी सुटायला सात मिनिटं होती
आणि भट्टीवरचा दिलावर ओरडत आला,
"हंजी सावकाराच्या पोरानं ते आणलंय, चला!"
ते म्हणजे अमेरिकेतलं. आठ सिलिंडरचं.
मी बोअरगेज पुसून पेटीत ठेवला,
पेटी कुलपात, किल्ली कमरेला.
गाडी उद्याही दिसेल.
गेज एकदा हातातून पडला
की पुन्हा खरं सांगत नाही.

शेडसमोर ती उभी होती,
वाळलेल्या संकेश्वरी मिरचीच्या रंगाची,
नाक हे एवढं लांब, मागं बसायला जागा नावापुरती.
निम्मी गाडी म्हणजे नुसतं इंजिन.
मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू.

वीरेश कागद वाचत होता,
वाक्य कन्नडात सुरू करून मराठीत संपवत,
आमच्याकडं सगळेच करतात तसं.
मागच्या सालच्या गाडीला चारशे साठ घोडे,
हिला चारशे ऐंशी.
उभ्यापासून शंभरावर, चार सेकंद आणि वर थोडं.
गिअर दहा.
सायलेन्सरचा आवाज बटणावर कमी-जास्त,
म्हणजे शेजारच्या म्हातारीला झोपू द्यायचं का नाही
तेही आता बटणावर.

किंमत मात्र त्यानं हळू सांगितली.
मागचीपेक्षा बारा लाख जास्त. कर वेगळा.
"कागलचा नंबर घ्यायचा की, कर वाचला असता,"
दिलावर म्हणाला आणि सगळे हसले,
मीपण हसले,
ज्या रेघेवरून आमच्या आज्यानं लाठ्या खाल्ल्या
ती रेघ इथं एका आकड्यात येऊन बसलेली:
कोगनोळी नाक्याच्या अलीकडं इतके,
पलीकडं इतके.

मी मोजणारी बाई.
भागाकार डोक्यात आपोआप होतो.
बारा लाख भागिले वीस,
एका घोड्याला साठ हजार.
गेल्या माघात चिंचलीच्या यात्रेत
मामानं खोंड घेतला बावन्नाला,
दात बघितले, वशिंड दाबलं, चार पावलं चालवून आणला,
मग दलालाशी टॉवेलाखाली बोटं धरून भाव.
इथं टॉवेल नव्हता. भाव छापून आलेला.
आणि वाढीव वीस घोडे नेमके कुठं बांधलेत
ते कुणालाच दाखवता येईना.

"सुरू तर करा," मी म्हटलं.

आधी पत्र्याला कळलं, मग आमच्या पायांना.
टपरीवरच्या कपात चहाला गोल रेघा पडल्या.
मी बॉनेटवर तळहात ठेवला.
आठ भोकं. प्रत्येक भोक कुणीतरी मोजलेलं असणार,
तिकडंही असेल अशी एक,
चष्मा कपाळावर सरकवून
दोन मायक्रॉनसाठी सगळी लाइन थांबवणारी,
सुपरवायझरच्या शिव्या खाणारी.
तिचा पगार त्या किमतीत कुठं बसतो
हे कागदावर नव्हतं.

वॉचमन कल्लाप्पा एवढा वेळ गप्प होता.
"लिटरला किती जातंय ओ?"
"पाच. कधी सहा."
त्यानं टोपी सारखी केली.
"मग उभंच बरं दिसतंय."

साडेतीनला अनगोळच्या फाटकावर
हुबळीकडची मालगाडी.
माझ्या स्कूटीपुढं तीच लाल,
चारशे ऐंशी घोडे धुरळ्यात गप्प,
एक म्हैस कडेकडेनं त्यांच्या पुढं गेली.
वीरेशनं काच खाली घेतली.
"अक्का, मघाशी स्पीडब्रेकरला घासलं. बघता काय?"

गेज पेटीत, पेटी कुलपात.
मी स्टँड लावला, वाकले, नखानं ओरखडा चाचपला.
"चार दशांश," मी म्हटलं.
"लाख?"
"मिलीमीटर."

तो हसला नाही. इंजिन बंद केलं त्यानं,
आणि डबे जात राहिले,
कोळशाचे, झाकलेले, सावकाश.